राखणे आणि उपटणे

जुन्या मराठी घराच्या रचनेत अंगण आणि परस यांना वेगवेगळी कामे नेमून दिलेली होती. अंगणात तुळशीवृंदावन, रांगोळी आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे स्वागत. परसात विहीर, न्हाणी, गोठा, उकिरडा आणि या सर्वांच्या आश्रयाने वाढणारी अळू, केळ, कर्दळ, कढीलिंब, शेवगा ही मंडळी. घरात जे वापरून झाले ते, म्हणजे खरकटे, राख, सांडपाणी, पाठीमागे जाई आणि काही दिवसांनी भाजी होऊन पुन्हा चुलीवर येई. अंगण हे घराचे मुख मानले तर परस ही त्याची पाठ होय; आणि माणसाचे कष्ट त्याच्या चेहऱ्यापेक्षा पाठीवर अधिक उमटलेले असतात. आज शहरांतून परस जवळजवळ नाहीसे झाले आहे. गच्चीवरची पिंपे आणि सज्जातल्या कुंड्या एवढाच त्याचा विस्तार उरला आहे. तथापि या आटलेल्या परसबागेचे वार्षिक चक्र मात्र तेच आहे, आणि त्या चक्रातून उभे राहणारे नैतिक प्रश्नही तेच आहेत.

या चक्राकडे पाहण्याच्या दोन दृष्टी संभवतात. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बारा महिन्यांच्या बारा मुद्रा मराठी वाचकाच्या संवेदनेत कायमच्या उमटल्या. ती दृष्टी पाहणाऱ्याची आहे. तेथे ऋतू येतो, रंग बदलतो आणि मन त्याचा स्वीकार करते. चेक लेखक कारेल चापेक यांचे माळ्याच्या वर्षावरील पुस्तक १९२९ मधले. तेही महिन्यांच्या क्रमानेच जाते, पण त्यातला नायक ओणवा होऊन मातीत हात घालणारा, हवामानावर चिडणारा, काहीसा हास्यास्पद गृहस्थ आहे. ती दृष्टी करणाऱ्याची आहे. पाहणाऱ्याला ऋतूला केवळ साक्षी राहता येते. करणाऱ्याला प्रत्येक महिन्यात काहीतरी ठरवावे लागते. आणि जेथे ठरवणे आले तेथे नीतीचा प्रश्न आलाच.

बागकामाविषयी बोलताना बहुधा निरागसतेचा सूर लागतो. जगाच्या व्यवहारात रक्तबंबाळ झालेल्या मनाला निर्वैर असे काही करता येण्याची जागा म्हणजे बाग, अशी एक समजूत आहे. परंतु बाग करणाऱ्याच्या हातातील अवजारांची नुसती यादी केली तरी ही समजूत डळमळू लागते. खुरपे, कात्री, कोयता, करवत. एक झारी सोडली तर बहुतेक साधने कापण्याची आणि उपटण्याची आहेत. ज्या हाताने रोप लावले त्याच हाताने शेजारचे रोप उपटायचे असते. ज्या झाडावर जीव आहे त्याचेच पाणी तोडायचे असते. जोपासनेच्या पोटात दडलेल्या या कठोरतेला नैतिक आधार कोणता, हा परसबागेने विचारलेला मूळ प्रश्न आहे.

परसबागेचे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, ते मृगाला सुरू होते. त्याआधी रोहिणीत वाफे खणून माती उन्हात तापू द्यायची, कुजलेले शेणखत मिसळायचे, वेलांच्या मांडवासाठी बांबू आणि सुतळी जमवायची. आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस झाला की भेंडी, गवार, काकडी, दोडका, पडवळ पेरायचे. वेलभाज्यांच्या एकेका आळ्यात चार-पाच बिया टाकतात. त्या सर्व उगवल्या तर आठ-पंधरा दिवसांत त्यांतली दोन जोमदार रोपे राखून बाकीची काढून टाकतात. या कामाला विरळणी म्हणतात. मुळा, गाजर, बीट यांच्या वाफ्यात तर हे काम वीतभर जागेत वीसपंचवीस वेळा करावे लागते. नवशिक्याचा हात येथे हमखास अडतो. उगवलेल्या रोपाचा काही अपराध नसतो. ते रोगट नसते, तण नसते. त्याला बोलावूनच आणलेले असते. त्याचा दोष इतकाच, की ते दुसऱ्याच्या फार जवळ उगवले. दया येऊन सगळी रोपे राहू दिली तर कोणताच मुळा धड पोसत नाही, हे मात्र महिन्याभरात कळून चुकते.

येथे थोडे थांबून पाहिले तर ध्यानात येते, की विरळणीचा निर्णय विरळणीच्या दिवशी झालेलाच नसतो. तो पेरणीच्या दिवशीच होऊन गेलेला असतो. एका वेलाच्या जागी चार बिया टाकल्या त्या अविश्वासापोटी: एखादी कुजेल, एखादी मुंगी नेईल, एखादी पोचट निघेल. ही धास्ती रास्त आहे. पण तिची किंमत ज्या रोपांना मोजावी लागते ती रोपे त्या धास्तीतूनच जन्माला आलेली असतात. ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण आपण कर्मफळाच्या अर्थाने वापरतो. परसबागेत तिला आणखी एक पदर आहे: आपल्या भयापायी जे जास्तीचे पेरले गेले, तेही उगवते, आणि ते उपटण्याची पाळी आपल्यावरच येते. क्रौर्याचा क्षण डोळ्यांना दिसतो. त्याची पेरणी आधीच कोठेतरी सावधगिरीच्या नावाखाली झालेली असते.

श्रावणात पाऊस रेंगाळू लागला की दुसरा प्रश्न उभा राहतो. रात्रीतून कोवळी पाने चाळणीसारखी होतात आणि सकाळी कुंडीच्या कडेला गोगलगायी चिकटलेल्या सापडतात. त्यांतली मोठ्या शंखाची आफ्रिकी गोगलगाय भारतात मुळात नव्हतीच. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या इंग्रज प्राणिशास्त्रप्रेमी गृहस्थाने ती मॉरिशसहून कोलकात्यास आणली आणि ती तेथील एका बागेत सोडण्यात आली. एका बागेतल्या कुतूहलाचे ओझे आज देशभरातील बागा आणि शेते वाहत आहेत. कुंपण हे मालकीची मर्यादा दाखवते, परिणामांची मर्यादा दाखवत नाही, हा धडा यापेक्षा स्पष्टपणे दुसरे कोणी शिकवणार नाही. पण उगम कोणाचाही असो, सकाळी त्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या की नाही, हे आज परसात उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावे लागते.

या पेचाला आपल्या वैचारिक इतिहासात एक महत्त्वाचा दाखला आहे. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात असाध्य यातना भोगणाऱ्या एका वासराला गांधीजींच्या संमतीने विषाची सुई टोचून मरण देण्यात आले आणि देशभर वादळ उठले. त्याच लेखनात गांधीजींनी आश्रमातील भाजी आणि फळे यांची नासधूस करणाऱ्या माकडांचाही प्रश्न घेतला होता. वासराला मारण्यात त्याचीच वेदना संपवण्याचा हेतू होता. माकडांना मारण्यात मात्र माणसाचा स्वार्थ असेल, म्हणून ती कृती टाळता आली नाही तरी तिला अहिंसा म्हणता येणार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. शेती हिंसेवाचून होत नाही हे त्यांनी नाकारले नाही. त्यांनी नाकारले ते हिंसेला दुसरे नाव देणे. वासराच्या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले. माकडांच्या प्रश्नाकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. वस्तुतः रोजच्या जगण्याला दुसरा प्रश्नच अधिक जवळचा आहे. यातनांनी तळमळणारे वासरू आयुष्यात एखाद्या वेळी समोर येते. भाजीवरचा हक्क सांगणारा दुसरा जीव दररोज दारात असतो. गांधीजींच्या भूमिकेतून परसबागेच्या नीतीचे पहिले सूत्र हाती लागते: जे करावे लागते ते करावे, पण त्याला खोटे नाव देऊ नये. ‘बंदोबस्त’ या शब्दाआड मारणे लपवले की माणसाची गणना चुकू लागते, आणि एका गोगलगायीसाठी सगळ्या वाफ्यावर विष टाकताना त्याला काहीच वाटेनासे होते.

आश्विनात आभाळ निवळते. दसऱ्याच्या सुमारास गुलाबाची छाटणी करायची असते. बाहेरच्या बाजूला वळलेला डोळा पाहून त्याच्या किंचित वर तिरपा काप घ्यायचा, रोगट आणि आत वळलेल्या फांद्या मुळापाशी काढायच्या. म्हणजे सुमारे दीड महिन्याने नव्या फुटीवर फुले येतात. हाच काप भर पावसात घेतला तर जखमेतून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली वाळत जाते. धने रगडून कोथिंबीर पेरायची, मेथी, पालक, मुळा यांचे वाफे भरायचे तेही याच दिवसांत. थंडी वाढली की कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. मावा दिसताच जो फवारणीला धावतो तो माव्यासकट त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांनाही मारतो आणि पुढच्या खेपेला त्याच्या बाजूने लढायला कोणीच उरत नाही. जो चार दिवस थांबतो त्याला पुष्कळदा काहीच करावे लागत नाही. कधी मात्र थांबणे अंगाशी येते आणि घेवड्याचा वेल हातचा जातो. म्हणजे कृती एकच, पण आठवड्याच्या अंतराने ती उपचार ठरते किंवा अपकार. सामान्यतः नीतिविचार नियमांच्या भाषेत बोलतो आणि नियमाला काळ नसतो. ‘इजा करू नये’ हे वाक्य आषाढातही खरे आणि कार्तिकातही खरे. बागेत ते पुरत नाही. तेथे ‘केव्हा’ हा शब्द ‘काय’ या शब्दाइतकाच नैतिक असतो.

याचे सर्वांत तीक्ष्ण उदाहरण म्हणजे ताण. मराठी शेतकऱ्याने फळझाडांच्या बहारांना मृग, हस्त आणि आंबे अशी नावे दिली आणि हवा तो बहार धरण्यासाठी झाडाला काही काळ तहानलेले ठेवण्याची रीत पाडली. परसातल्या लिंबालाही हाच न्याय. मोगऱ्याचे पाणी मार्गशीर्ष-पौषात तोडतात, त्याची पाने झडू देतात, फांद्या छाटतात. मग आळे उकरून खत घालून पुन्हा पाणी सुरू केले की उन्हाळ्याच्या तोंडाशी तो कळ्यांनी लगडतो. हिवाळ्यात ज्याने दयाबुद्धीने त्याला रोज पाणी घातले त्याच्या वाट्याला हिरवागार पाला येतो. ताण किती द्यावा याचे मात्र छापील उत्तर नाही. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. कुंडीत तर काही दिवसांतच. पानांनी माना टाकल्या आणि काही गळू लागली की तेथे थांबायचे. त्यापुढे गेले की झाड फुलत नाही, मरते. पाणी तोडणारा माणूस म्हणूनच पाणी घालणाऱ्यापेक्षा अधिक वेळा झाडापाशी जातो. त्याला रोज पाहावे लागते. ताण देणे आणि दुर्लक्ष करणे या दोहोंत दुरून काहीच फरक दिसत नाही, झाड दोन्हीकडे सारखेच कोमेजलेले असते. फरक एवढाच, की एकाजवळ कोणीतरी उभे आहे आणि पुन्हा पाणी सोडण्याची वेळ त्याला चुकवायची नाही. येथे दुसरे सूत्र मिळते: कठोर होण्याचा अधिकार त्यालाच, जो परिणाम भोगायला तेथेच राहणार आहे.

हे सूत्र स्वीकारले तरी एक हिशेब जुळत नाही, हे मान्य केले पाहिजे. मोगऱ्याचा ताण मोगऱ्याच्याच बहरासाठी, गुलाबाची छाटणी गुलाबाच्याच फुटीसाठी, असे म्हणता येते. जरी फुले आपल्यालाच हवी असतात. विरळणीत उपटलेल्या रोपाला मात्र कोणतेच बरे फळ मिळत नाही. त्याचे मरण दुसऱ्याच्या कामी आले. कोवळ्या मुळ्याच्या पाल्याची भाजी होते, उरलेले खतात जाते. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त मृत जीवांच्या अवशेषांपासून झाडांसाठी कुणपजल करण्याचा विधी आहे, तोही याच व्यवस्थेचा प्राचीन आविष्कार. मेलेले काही वाया जात नाही, हे खरे. पण ‘वाया जात नाही’ हे समर्थन जगणाऱ्याच्या तोंडचे आहे. उपटलेल्याच्या बाजूने त्याला काही अर्थ नाही. ही बाकी शून्य होत नाही, आणि ती शून्य झाल्याचे भासवणे हेच खोट्या नावाचे दुसरे रूप होय.

चैत्र-वैशाखात प्रश्नाची दिशा बदलते. आता काय उपटावे हे विचारण्याची गरज नसते. काय जगवावे हे विचारावे लागते. वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन, नाजूक रोपांवर सावली, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर पाणी, ही कामे नेमाने करूनही पाणी कमी पडते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात नळीने हिरवळीला पाणी घालणाऱ्याची कृती ही केवळ बागकामाची बाब राहिली नव्हती. जुन्या परसाने या प्रश्नाला व्यवहारानेच उत्तर दिले होते. अळू आणि केळ न्हाणीच्या पाण्यावर वाढत. शिकेकाई, रिठे आणि राख यांच्या जमान्यात ते पाणी मातीला सोसतही असे. झाडाची तहान माणसाच्या वापरून झालेल्या पाण्याला जोडलेली होती, त्याच्या पिण्याच्या पाण्याशी तिची स्पर्धा नव्हती. आजच्या घरात साबणाची भुकटी आणि बंद गटारे यांनी ही जोड तुटली आहे. तरी भाज्या धुतलेल्या पाण्यावर चार कुंड्या जगवणारी गृहिणी त्या तुटलेल्या नात्याचा एक धागा हाती धरून आहे, असेच म्हणावे लागेल.

संतपरंपरेने परसबागेला दिलेले स्थान येथे आठवते. पंढरपुरापासून फार दूर नसलेल्या अरण गावचे सावता माळी हे ज्ञानदेव-नामदेवांचे समकालीन. १२९५ मध्ये त्यांनी देह ठेवला. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला, असे परंपरा सांगते. या कथेचा अर्थ सामान्यतः ‘कर्म हीच पूजा’ असा लावला जातो. पण मळ्याची वार्षिक घडी माहीत असणाऱ्याला तीत आणखी काही दिसावे. आषाढी वारी नेमकी पेरणी-खुरपणीच्या दिवसांत येते. सावतोबांचे न जाणे म्हणजे यात्रेच्या विरुद्ध दिलेला कौल नव्हे. ज्याला आपण जगवायला घेतले त्याच्यापासून ऐन वेळी दूर न होण्याची ती निष्ठा आहे. तेथेच राहणारा माणूस हे जे सूत्र ताणाच्या विचारात हाती आले, तेच येथे भक्तीच्या भाषेत येते.

आता या विचाराचा एक धोका. बागेची प्रतिमा बागेत राहत नाही, ती समाजाकडे सरकते. राजा म्हणजे माळी, प्रजा म्हणजे उपवन, हे रूपक जुने आणि वरवर पाहता सात्त्विक आहे. झिग्मुंट बाऊमन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात आधुनिक राज्यसंस्थेच्या या माळीपणाचीच चिकित्सा केली आणि समाजाचा आराखडा आखून त्यात न बसणाऱ्यांना तण ठरवण्याची वृत्ती ज्यूंच्या संहारापर्यंत कशी पोहोचली हे दाखवले. तेव्हा विरळणीचे समर्थन करणाऱ्याने ते कोठे थांबते हेही सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट ही, की तण ही कोणतीही वनस्पतिजाती नाही. तो एक निवाडा आहे. आज डोंगरउतार व्यापणारी घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून भारतातल्या बागांत आली होती. तळी झाकून टाकणारी जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठी कौतुकाने आणली गेली होती. कालची लाडकी ती आजचे तण, यात वनस्पतीचा स्वभाव बदललेला नाही. निवाडा करणाऱ्याच्या ठायी इतका चंचलपणा असेल तर माणसांच्या बाबतीत तो अधिकार कोणाच्याही हाती देता येणार नाही. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. माळी झाडांमधला एक नसतो; माणसांना विरळणारा माणूस मात्र स्वतः त्याच वाफ्यात उभा असतो. तो बाहेरचा असल्याचे सोंग आणतो, आणि सगळा अत्याचार त्या सोंगातून सुरू होतो.

म्हणून परसबागेतून राज्यकारभाराचे धडे घेऊ नयेत. तिच्यातून घ्यायचा तो स्वतःच्या हाताचा धडा. वर्षभर बाग करणाऱ्याला सर्वाधिक वेळा आपले अज्ञानच भेटते. पंचांगातला मृग तारखेला येतो, पाऊस येतोच असे नाही. मुंबईत मोसमी पाऊस २०२३ मध्ये २५ जूनला पोहोचला आणि २०२५ मध्ये २६ मे रोजीच येऊन थडकला; त्या वर्षी रोहिणीत खणायचे वाफे खणायच्या आतच चिखल झाले. परंपरेने दिलेले वेळापत्रक हा अनुभवाचा मोठा ठेवा आहे, पण तो आता पाहण्याची जागा घेऊ शकत नाही. माती मुठीत दाबून तिचा लाडू होतो की ती भुरभुरते हे ज्याला पाहावे लागते, त्याला आपल्या योजनेच्या अचूकपणाचा गर्व फार काळ बाळगता येत नाही.

मराठीत ‘राखणे’ या क्रियापदाला तीन छटा आहेत: सांभाळणे, पहारा करणे आणि न वापरता मागे ठेवणे. परसबागेच्या वर्षाचा शेवट तिसऱ्या छटेने होतो. मांडवावरचा एक चांगला, सरळ वाढलेला दोडका किंवा दुधी मुद्दाम तोडायचा नाही, असे घरातली जाणती बाई ठरवते आणि त्याला चिंधी बांधून ठेवते. भाजीची अडचण पडली तरी त्याला कोणी हात लावत नाही. तो जून होतो, पिवळा पडतो, वेल वाळून गेल्यावरही काठीसारखा लटकत राहतो आणि हलवला की आत बिया खुळखुळतात. त्या राखेत घोळून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोनाड्यात जातात. घरच्या आळ्यांना लागतील त्याहून त्या कितीतरी अधिक असतात. जूनमध्ये त्यांतली एकेक मूठ शेजारच्या दोन घरी दिली जाते. आणि उरलेल्यांपैकी चार पुन्हा एका आळ्यात पडतात, दोन रोपे राखण्यासाठी.